पुस्तकात नसलेली आई

वाचनालयाला कुणी विचारत नव्हतं तोवर मी सुखी होते. छत गळायचं, पेपर वाचायला येणारे पेन्शनर पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडायचे, आणि ग्रंथपाल म्हणून माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. मग शासनानं कानोसा बसवला. छत दुरुस्त झालं, मुलांच्या खोलीत गालिचा आला, सौर पंखे आले, आणि मी, हेमलता आवटी, लोकहित सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल, एका आदेशासरशी 'स्थळ-जबाबदार व्यक्ती' झाले. असल्या पदव्या ज्यांना सुचतात त्यांनी आयुष्यात एकही बरी कादंबरी वाचलेली नसावी, असं माझं मत आहे.

कानोसा म्हणजे काय ते आधी सांगते. दिसायला ती एक पांढरी, तव्याएवढी चकती, मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेली. माणूस बोलतो तेव्हा गळ्यातले स्वरतंतू थरथरतात, पण प्रत्येक थरथर सारखी नसते. एखादी किंचित लांबते, एखादी आखडते. झोप होत नसली, भीती असली, मनावर बरेच दिवस ओझं असलं की हा फरक ठरावीक रीतीनं बदलतो. आपल्या कानाला तो कळत नाही, यंत्राला कळतो. त्यात शब्दाआधीचे थांबे, अर्ध्यातच घेतलेला श्वास, टाळलेले शब्द हे सगळं मिळवलं की माणूस आतून कसा आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

अडचण एकच होती. पंधरा वर्षांच्या पोराला 'कसा आहेस' विचारलं की ते 'बराय' म्हणतं, आणि तेवढं म्हणताना गळा असा आवळून धरतं की यंत्रालाही पत्ता लागत नाही. खरा शोध लागला तो इथं. त्याच पोराला गोष्टीतल्या कुणाबद्दल तरी बोलायला लावा. ती मुलगी घरातून का पळाली, तो मित्राशी खोटं का बोलला. पोर रंगात येतं, गळा सैल सोडतं आणि दुसऱ्याबद्दल बोलता बोलता स्वतःचं सांगून जातं. म्हणून कानोसा शाळेत बसला नाही, दवाखान्यात बसला नाही. तो बसला वाचनालयात, जिथं मुलं पुस्तकांवर बोलायला जमतात. पालकांच्या सभेत हे सगळं मीच समजावून सांगितलं होतं, चांगलं रंगवून.

प्रत्येक मुलाच्या नावापुढे माझ्या टेबलावरच्या पडद्यावर रंग उमटायचा. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे जिवाला धोका, आणि मग त्याच संध्याकाळी जिल्ह्याचं पथक मुलाच्या घरी. इशारा चुकीचा वाटला तर कारण देऊन रद्द करायचा अधिकार मला होता.

गेल्या वर्षी हर्षद नावाच्या मुलाच्या नावापुढे लाल उमटला तेव्हा मी तो रद्द केला नाही. पथकाची गाडी भर बाजारात त्याच्या वडिलांच्या चहाच्या गाड्यापाशी थांबली. पोराचा घसा सुजला होता, एवढंच निघालं. पण तोवर गावानं ठरवून टाकलं होतं की बाप पोराला मारतो. ते कुटुंब गाव सोडून गेलं. आमच्या शनिवारच्या चर्चेला येणारी निम्मी मुलं घरच्यांनी काढून घेतली. पथकाच्या साहेबांनी मला नंतर 'प्रणाली अजून शिकते आहे' असं सांगितलं. मी म्हटलं, शिकू दे, पण आमच्या पोरांवर हात साफ करून नको.

तेव्हापासून लाल रंग म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

उरलेल्या मुलांना टिकवलं ते एका खेळानं. तो आमचा आम्हीच काढलेला. त्याचं नाव थापाड्या. पुढच्या शनिवारचं पुस्तक वाटताना मुलं चिठ्ठ्या उचलत. एका चिठ्ठीवर फुली. ती ज्याला येईल त्यानं पुस्तक घरी न्यायचं पण उघडायचं नाही. मग शनिवारी सगळ्यांच्या बरोबरीनं त्या पुस्तकावर असं बोलायचं की न वाचल्याचं कुणाला कळू नये. बाकीच्यांनी त्याला पकडायचं. या एका खेळापायी पोरं पुस्तकं अशी कसून वाचू लागली की परीक्षेसाठीही वाचत नसतील. थापाड्याला पकडायचं तर पुस्तक पाठच हवं.

अर्थात जो थाप मारेल त्याचा आवाज ताणला जाणारच. दर शनिवारी कुणा ना कुणापुढे पिवळा उमटायचा. मी 'खेळ' असं कारण टाकून तो रद्द करायची आणि चहा प्यायची. वरच्या कार्यालयाला या खेळाबद्दल कळवायची मला कधी गरज वाटली नाही. त्यांनी तो बंदच केला असता.

त्या शनिवारी पुस्तक होतं एका दीपगृहाच्या रखवालदाराचं आणि त्याच्या केतकी नावाच्या मुलीचं. समुद्रातलं बेट, बाप आणि लेक, आणि वादळात अडकलेली एक बोट. मुलं गोल करून बसली होती. सांची कांबळे बोलली, राजवर्धन पाटील बोलला, मग अल्फिया शिकलगारची पाळी आली.

अल्फिया नववीत. अंगानं बारीक, बोलायला तिखट. वडील मस्कतला गाड्या चालवायचे, घरी ती आणि तिची अम्मी. वर्षभरापूर्वी तिचा तान्हा भाऊ गेला तेव्हा मी भेटायला गेले होते. त्यानंतर अम्मी कधी बाजारात दिसली नव्हती, पण अल्फियानं एक शनिवार चुकवला नव्हता.

"मला केतकीचं रात्रीचं वागणं आवडलं," ती म्हणाली. "म्हणजे, ती झोपत नाही. ओढणीचं एक टोक आपल्या मनगटाला बांधते आणि दुसरं आईच्या मनगटाला. आई उठली तर ओढ लागावी म्हणून. आणि मग ती आईचा श्वास ऐकत पडते. कधीकधी आई झोपलीय की नुसती पडलीय ते कळत नाही. तेव्हा ती मुद्दाम खोकते."

मग राजवर्धननं मांडीवर थाप मारली.

"सापडली. अगं, आई कुठली? केतकीची आई पहिल्या पानाच्या आधीच मेलीय."

सगळी पोरं हसून लोळायला लागली. सांची म्हणाली, "मेलेली आई उठवलीस की गं तू." अल्फियाही हसली. खिशातून फुलीची चिठ्ठी काढून तिनं मधोमध टाकली. "पकडलंत बाबा," ती म्हणाली. आणि मी, जिला माणसं वाचता येतात असा मोठा गर्व, तीही हसले.

मुलं पुढच्या पुस्तकाच्या चिठ्ठ्या उचलत होती तेव्हा मी टेबलाशी गेले. अल्फियाच्या नावापुढे लाल होता.

मी पोरांना सोडलं आणि अल्फियाला थांबवलं. पडदा तिला दाखवला. नियमात हे बसत नाही, पण पोरांच्या पाठीमागं काही करायचं मला जमत नाही. तिचा चेहरा एकदम उतरला.

"मॅडम, मी थापाड्या होते. फेकत होते मी. चिठ्ठी बघितली की तुम्ही."

"बघितली. पण आजवर थापाड्याला पिवळा यायचा. लाल कुठल्याच थापाड्याला आला नव्हता."

"भीती वाटली म्हणून आला असंल. राजवर्धन असा टक लावून बघत होता." ती टेबलाची कड धरून उभी होती. "गाडी पाठवू नका, मॅडम. आमच्या गल्लीत गाडी आली तर काय काय बोलतील लोक. हर्षदचं काय झालं बघितलं ना तुम्ही. अब्बांच्या कानावर गेलं तर माझं इथं येणंच बंद."

"घरी सगळं ठीक आहे?"

"ठीक आहे."

"अम्मी?"

"बरी आहे."

मला हर्षदचे वडील आठवले. चहाचा गाडा टेम्पोत चढवताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं होतं, तेही आठवलं. पुन्हा एका घरावर ते आणायचं नाही, हे माझं तेव्हाच ठरलं होतं. मी अल्फियाच्या देखत रद्दचं बटण दाबलं आणि कारण टाकलं: खेळ. तिनं श्वास सोडला, दप्तर उचललं आणि जवळजवळ धावतच बाहेर पडली. तिला घरी जायची एवढी घाई का, हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही.

मी गालिचा झटकत होते तेवढ्यात फोन आला. जिल्ह्याच्या पथकातली समुपदेशक, प्रणोती हजारे. आवाजावरून पोरसवदा वाटत होती आणि मराठी परिपत्रकासारखं बोलत होती.

"लाल इशारा रद्द झाला की आम्हाला विचारणा करावी लागते, मॅडम. 'खेळ' म्हणजे नेमकं काय?"

मग सांगावंच लागलं. थापाड्या, चिठ्ठ्या, फुली, सगळं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यामुळे मला आणखी जोर चढला.

"तुमच्या यंत्राला खरं आणि थाप यातला फरक कळत नाही," मी म्हटलं. "त्या पोरीनं पुस्तक उघडलेलंच नव्हतं. जे बोलली त्यातलं एक अक्षर पुस्तकात नाही."

"एकही नाही?"

"अहो, केतकीला आईच नाही त्यात. आणि ही सांगतेय की आईच्या मनगटाला ओढणी बांधून ती रात्रभर जागी राहते. सगळं मनानं रचलेलं. तिथं बसलेल्या सगळ्या पोरांनी ऐकलंय."

मी माझंच वाक्य ऐकत उभी होते. ज्या पोरीनं पुस्तक वाचलं नाही, तिनं आई कुठून आणली? मुद्दाम खोकायचं कुठून आणलं? न वाचलेल्या पुस्तकात भरायला माणसाकडे स्वतःच्या घराशिवाय असतं काय? आणि हे मी स्वतः पालकांना रंगवून सांगितलं होतं. मी मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले.

"मॅडम?" प्रणोती म्हणाली. या वेळी तिचा आवाज परिपत्रकासारखा नव्हता. "यंत्र एवढंच सांगतं की धोका आहे आणि घरात आहे. कुणाला आहे ते त्याला कळत नाही."

"आईला आहे," मी म्हटलं. "पाठवा गाडी."

"रद्द केलेला इशारा उघडता येत नाही. आता तुम्हाला स्वतःच्या नावानं तक्रार द्यावी लागेल, आणि ती घरच्यांना दाखवली जाते. चुकीची निघाली तर जबाबदारी तुमची. आणि मॅडम, तो खेळही मग अहवालात येणार. तुमची चर्चा राहील असं मला वाटत नाही."

"मी आधी घरी जाऊन बघते."

"लवकर बघा. आणि तिथून फोन करा, काहीही असलं तरी. मी गाडीत बसते. मिरजेहून यायलाही वेळ लागतो."

शिकलगार गल्ली वाचनालयापासून लांब नाही. पण त्या दिवशी बाजाराचा दिवस, रस्ताभर भाजीवाले बसलेले, आणि प्रत्येक दुसरा माणूस मला हटकून म्हणत होता, काय आवटी मॅडम, कुठं? मी कुणाला उत्तर दिलं नाही. सारखं डोक्यात येत होतं की मी ते बटण दाबलंय. अल्फिया चर्चेला आली तेवढा वेळ अम्मीजवळ कोण होतं, हेही डोक्यात येत होतं. स्वतःचा असा राग येत होता की रडू फुटेल असं वाटत होतं.

दार अल्फियानं उघडलं, तेही अर्धंच. तिच्या मनगटाला निळ्या ओढणीचं टोक बांधलेलं होतं. बाकीची ओढणी आत गेली होती, खाटेपर्यंत. खाटेवर तिची अम्मी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाठ वर-खाली होताना दिसली तेव्हा कुठं मी श्वास घेतला.

"नुसतं रात्रीच नाही तर," मी म्हटलं.

अल्फियानं हात पाठीमागं घेतला. मग लपवण्यात अर्थ नाही हे तिला कळलं. "शनिवारी शेजारच्या खालाला बसवून येते. सांगते, अम्मीला ताप आहे. खाला पाचला निघून जाते." ती खालच्या आवाजात बोलत होती. "पावसाळ्यात एकदा पहाटे अम्मी विहिरीवर सापडली. नुसती काठावर बसली होती. तेव्हापासून बांधते. मला जमतंय, मॅडम. सवय झालीय."

"अब्बांना?"

"त्यांना कळवलं तर नोकरी सोडून येतील. आणि लोक काय म्हणतील, वेडी झाली. तिला घेऊन जातील. तुम्ही रद्द केलंय ना? केलंय की. माझ्यासमोर केलंय."

"केलंय."

"मग झालं. आता कुणाला सांगू नका. तुम्ही आमच्या बाजूच्या आहात म्हणून मी तिथं येते. शाळेत कुणाला नाही सांगत मी काही."

आमच्या बाजूच्या. मी त्या पोरीकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, ओठ फुटले होते. दर शनिवारी ती माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसत होती, आणि तिच्याकडे बघायचं काम मी छतावरच्या चकतीवर सोपवलं होतं. चकतीनं सांगितलं तेव्हा तेही खोडून टाकलं होतं. आता ती मागत होती ते सोपं होतं. गप्प राहायचं. तसं केलं तर पोर माझी राहिली असती, चर्चा राहिली असती, खेळ राहिला असता. फक्त एखाद्या पहाटे तिला डुलकी लागली असती.

मी फोन काढला. तिच्यासमोरच लावला.

"प्रणोती, हेमलता आवटी बोलतेय. माझ्या नावानं तक्रार घे. आईला तातडीनं डॉक्टर हवाय. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबव, दिवा लावू नको, आणि गणवेशातलं कुणी आत आणू नको."

अल्फियानं ओरडाआरडा केला नाही. तो केला असता तर मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी परत वाचनालयात येणार नाही."

"नको येऊस," मी म्हटलं. "पण आता ते टोक माझ्याकडे दे. गाडी येईपर्यंत मी धरते. तू जरा टेक."

"मला झोप नाही आली."

"झोपू नको. नुसती टेक."

तिनं गाठ सोडली आणि माझ्या मनगटाला बांधली. रागानं, करकचून. मग माझ्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून बसली. "तुमच्यामुळं अब्बा..." असं काहीतरी म्हणायला लागली आणि वाक्याच्या मधेच मान कलली. इतक्या लवकर कुणाला झोपताना मी बघितलं नव्हतं. तोंड उघडं राहिलं होतं. चर्चेत कुणाला बोलू न देणारी ही पोर झोपेत अगदी लहान दिसत होती.

बाहेर दिवेलागणीची, मगरिबची अजान झाली. मी ओढणीकडे बघत बसले होते.

"लागली का झोप तिला?"

आवाज खाटेवरून आला. अम्मी अजून भिंतीकडेच तोंड करून होती.

"लागली, भाभी," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "रोज मी डोळं मिटून पडते. मी झोपली असं वाटलं तर तीबी झोपंल म्हणून. झोपत न्हाई ती. खोकती मधनं मधनं."

"भाभी, गाडी येतेय. त्यात एक मुलगी आहे, ती तुमच्याशी बोलेल, मग डॉक्टरांकडे. मी बोलावलीय. अल्फिया नको म्हणत होती."

"ऐकलं मी सगळं."

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मी अल्फियाकडे बघितलं, ती हलली नव्हती. अम्मी सावकाश उठून बसली. केस मागं सारले. मग दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तिनं आपल्या मनगटावरची गाठ सोडली. शर्टाचं बटण काढावं इतक्या सहज. मी बघत राहिले, आणि मी बघतेय हे तिनंही बघितलं.

"ही व्हय," ती म्हणाली. "ही पहिल्या रात्रीपासनं सुटती मला. सोडली न्हाई."

दाराशी प्रणोती उभी होती, चपला हातात घेऊन. तिनं मला खुणेनं विचारलं, पोरीला झोपू देऊ का? मी मान हलवणार होते. पण अम्मी खाटेवरून उतरली, भिंतीचा आधार घेत लेकीपाशी गेली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अल्फू," ती तिच्या कानाशी म्हणाली, "ऊठ बेटा. मी दवाखान्यात जाऊन येते."